राजाचा न्यूमोनिया चिमीला होईल का?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक ताईंचे पत्र थोडे संक्षेपाने देत आहे.

"आमचा राजा दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. दिवाळीत आम्ही सहा दिवस बाहेरगावी गेलो, तेव्हा त्याला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवले होते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याला कोरडा खोकला सुरू झाला. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंड उघडून पाहिले, पण काही दिसले नाही. तो नीट खाईना, म्हणून दोन संध्याकाळी हळद आणि तूप घातलेले दूध बोंडल्याने पाजले. दुसऱ्या वेळी त्याला जोराचा ठसका लागला. त्यानंतर दीड दिवसाने ताप १०४ वर गेला आणि धाप लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागात न्यूमोनिया असल्याचे सांगितले. इंजेक्शने चालू आहेत आणि सासूबाईंच्या दम्याच्या नेब्युलायझरवर त्याला वाफ देतो. तसा पाणी पिताना त्याला गेले काही महिने अधूनमधून ठसका लागतोच. घरात चिमी ही पाच महिन्यांची गावठी कुत्री आहे. तिला आजवर एकच लस दिली आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, मुलगा चार वर्षांचा. शेजारी म्हणतात की न्यूमोनिया पसरतो, राजाला शेतावरच्या खोलीत नेऊन बांधा. आम्ही काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात वेळ दवडून चालणार नाही. राजाला शेतावर पाठवू नका. न्यूमोनिया झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची प्रकृती रात्रीतून बिघडू शकते आणि ती बिघडत असल्याचे पहिले लक्षण बहुधा श्वासाचा वाढलेला वेग एवढेच असते. ते ओळखायला जवळ माणूस लागते. कार्तिकातल्या थंडीत, एकट्या खोलीत, साखळीला बांधलेल्या कुत्र्याकडे कोण पाहणार? त्याला घरातच, पण वेगळ्या खोलीत ठेवा. वेगळे का आणि किती दिवस, ते पुढे सांगतो.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आलेली सूज. त्या पिशव्यांत हवेऐवजी पू, पाणी किंवा चिकट स्राव साठतो आणि रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो. ही फुप्फुसाची अवस्था झाली, आणि तिच्यामागे निरनिराळी कारणे असू शकतात. विषाणू, जिवाणू, बुरशी, फुप्फुसातले जंत, किंवा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरलेले दूध, पाणी, औषध किंवा उलटी, यांपैकी कशानेही ती येते. त्यामुळे "न्यूमोनिया पसरतो का?" या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ज्या जंतूने तो झाला तो जंतू एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा असेल, तर जंतू पसरतो; मग दुसऱ्या कुत्र्याला त्याने नुसता खोकला होईल, न्यूमोनिया होईल की काहीच होणार नाही, हे त्या कुत्र्याच्या वयावर, लसीवर आणि अंगातल्या ताकदीवर ठरते. श्वासनलिकेत गेलेल्या दुधाने झालेला न्यूमोनिया मात्र कोणालाही लागत नाही.

तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टींच्या खुणा आहेत, आणि तुम्ही दिवसवार हकिकत लिहिली म्हणूनच त्या वेगळ्या करता येतात.

पहिली खूण बोर्डिंगची. अनेक कुत्री एका छपराखाली राहिली, की केनेल कफ म्हणून ओळखला जाणारा सांसर्गिक खोकला हमखास फिरतो. त्यामागे बॉर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अडिनोव्हायरस हे विषाणू, मायकोप्लाझ्मा, असे अनेक जंतू असतात आणि पुष्कळदा एकापेक्षा अधिक जंतू एकाच वेळी लागलेले असतात. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते चौदा दिवसांत खोकला दिसू लागतो, आणि राजाचा चौथा दिवस त्यात नेमका बसतो. त्या खोकल्याचे तुम्ही केलेले वर्णनही बोलके आहे. कोरडा, खणखणीत, शेवटी ओकारी काढल्यासारखा आवाज आणि क्वचित पांढरा फेस, हे ऐकून दवाखान्यात येणारी बहुतेक माणसे "घशात हाड अडकले आहे" असेच सांगतात. धडधाकट कुत्र्यात हा आजार एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. पिल्लांत आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत तो खाली फुप्फुसात उतरू शकतो.

दुसरी खूण बोंडल्याची. आपल्याकडे आजारी जिवाला काहीतरी पोटात गेलेच पाहिजे, या मायेपोटी हे घराघरांत केले जाते, तेव्हा यात स्वतःला दोष लावून घेऊ नका. पण काय घडले असावे ते समजून घ्या. कुत्र्याचे तोंड वर करून घशात पातळ पदार्थ ओतला, की त्याला गिळण्याची वेळ स्वतः ठरवता येत नाही. त्यातच खोकल्याने घसा हुळहुळलेला असतो. जोराचा ठसका लागला त्या क्षणी थोडे दूध श्वासनलिकेत गेले असण्याची शक्यता मोठी आहे. तूप आणि तेल तर अधिक त्रासदायक, कारण स्निग्ध पदार्थ श्वासनलिकेत गेला तरी पाण्यासारखा तीव्र ठसका लागेलच असे नाही, आणि फुप्फुसातून तो लवकर निघतही नाही. एक्स-रेमध्ये डाग उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात आहे, हेही या शंकेला बळ देते. कुत्र्याच्या फुप्फुसांचे खंड असतात आणि उजवीकडच्या मधल्या खंडाकडे जाणारी श्वासनलिकेची फांदी खालच्या दिशेने उतरते, त्यामुळे चुकीच्या वाटेने गेलेला पदार्थ बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसतो.

राजाला मी तपासलेले नाही, त्यामुळे निदान तुमच्या डॉक्टरांचेच. पण हकिकत वाचून माझे मत असे झाले आहे की खोकला बोर्डिंगमधून आला आणि न्यूमोनिया बहुधा दुधाच्या ठसक्यातून झाला. म्हणजे न्यूमोनिया पसरणारा नसला, तरी त्याच्या आधीपासून असलेला खोकला पसरणारा असू शकतो. म्हणून चिमीच्या बाबतीत हा आजार सांसर्गिकच आहे असे धरून वागा.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे वळतो, कारण मला ते सगळ्या पत्रात महत्त्वाचे वाटले: पाणी पिताना राजाला गेले काही महिने ठसका लागतो. उतारवयातल्या लॅब्रॅडॉरमध्ये घशाच्या स्वरयंत्राच्या झडपा लुळ्या पडण्याचा विकार बराच आढळतो. श्वास घेताना या झडपा बाजूला होत नाहीत आणि गिळताना वाट नीट बंद होत नाही. अशा कुत्र्याचे भुंकणे घोगरे होते, थोड्या चालण्याने त्याला दम लागतो, श्वास घेताना घरघर ऐकू येते आणि खाता-पिता ठसका लागतो. राजाचा आवाज वर्षभरात बदलला आहे का, ते घरात सगळ्यांना विचारा. रोज ऐकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, पण चार-सहा महिन्यांनी येणाऱ्या पाहुण्याच्या येते. अन्ननलिका सैल पडून फुगणे हे असेच दुसरे कारण; त्यात खाल्लेले अन्न पोट न ढवळता, गिळल्यानंतर काही वेळाने जसेच्या तसे बाहेर पडते. यांपैकी काही असेल तर आजचा न्यूमोनिया बरा होऊनही पुन्हा उद्भवेल. राजा सावरला की डॉक्टरांना हे नेमके विचारा. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील तपासण्यांसाठी तेथे जाता येईल का, हेही त्यांच्याशी बोलून ठरवा. तोवर गळपट्टा काढून छातीला बांधायचा पट्टा वापरा, म्हणजे फिरवताना घशावर ताण येणार नाही.

चिमीबद्दल मला राजापेक्षा थोडी अधिक काळजी वाटते. राजाला खोकला सुरू झाल्यापासून आठवडाभर ती त्याच्याच भांड्यात तोंड घालत होती आणि त्याच्याच गोणपाटावर झोपत होती, असे मी धरून चालतो. दोन कुत्र्यांच्या घरात याहून वेगळे काही घडत नाही. त्यामुळे जो संसर्ग व्हायचा तो बहुधा होऊन गेला असेल. तरीही वेगळे ठेवण्याचा उपयोग आहे, कारण अंगात जाणाऱ्या जंतूंचे प्रमाण त्याने कमी होते. आजपासून चौदा दिवस तिचा ताप रोज एकदा गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या मापाने जो ताप वाटतो तो तिच्या बाबतीत ताप नसतो. १०३ च्या वर गेले, खोकला आला, नाका-डोळ्यांतून घट्ट पिवळसर स्राव आला किंवा खाणे सुटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घट्ट स्रावाचा उल्लेख मी मुद्दाम केला. एकच लस झालेल्या पाच महिन्यांच्या पिल्लाला खरी भीती डिस्टेंपरची असते. तो विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूच्या कुळातला; श्वासावाटे पसरतो, आधी ताप, खोकला, न्यूमोनिया, मग जुलाब आणि पुढे पुष्कळदा झटके आणतो. झटके सुरू झाले की वाचवणे फार अवघड होते आणि वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर उडत राहू शकतो. या विषाणूची पोच कुत्र्यांपुरतीही नाही: २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला सिंहांच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला होता. राजाला त्याच्या तरुणपणी लसी झालेल्या असतील तर त्याला डिस्टेंपर असण्याचा संभव कमी आहे. चिमीला मात्र ते संरक्षण अजून मिळालेले नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत लसी द्यायच्या असतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लवकर दिलेली लस निकामी करू शकते. म्हणूनच "एक लस झाली आहे" या वाक्याने डॉक्टरांचे समाधान होत नाही. तिला या दोन दिवसांत दाखवा, ताप नसेल तर राहिलेल्या लसींचे वेळापत्रक लगेच सुरू होईल. केनेल कफची नाकात घालायची लसही मिळते. ती आजार पूर्ण टाळेलच असे नाही, पण त्याची तीव्रता कमी करते, आणि पुन्हा कधी बोर्डिंगमध्ये ठेवायचे झाले तर ती आधी दिलेली बरी.

राजाची खोली, भांडी आणि अंथरूण वेगळे ठेवा. रोजचा क्रम असा लावा, की आधी चिमीचे खाणे-फिरणे उरकायचे आणि मगच राजाकडे जायचे. त्याच्याकडून आल्यावर साबणाने हात धुऊन वरचा कपडा बदलायचा. कपड्यावरून आणि हातांवरून जंतू नेणारा माणूसच असतो, हे घरातल्या लहान मुलालाही समजावून सांगा. फरशी आधी साबणाच्या पाण्याने धुऊन मग ब्लीच पुसा. एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी हे प्रमाण पुरेसे आहे. ते ॲसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, आणि पुसताना राजाला त्या खोलीतून बाहेर काढा. उग्र वासाचे फिनेल, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, चुलीचा धूर यांतले काहीही सध्या त्याच्या आसपास नको. खिडकी उघडी राहू द्या, फक्त वाऱ्याचा झोत अंगावर येऊ देऊ नका. खोकला पूर्ण थांबल्यानंतर आणखी दोन आठवडे हा वेगळेपणा पाळा. बॉर्डेटेला बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या श्वासमार्गात त्यानंतरही काही आठवडे राहू शकतो, म्हणून मैदानावर इतर कुत्र्यांत मिसळण्याची घाई नको. बोर्डिंगच्या चालकांनाही फोन करून कळवा. तेथे आणखी कोणी कुत्रे खोकत असेल तर ती माहिती तुमच्या डॉक्टरांच्या उपयोगाची आहे, आणि तुमची माहिती त्यांच्याकडच्या इतर कुत्र्यांच्या.

माणसांविषयी शेजाऱ्यांना निःशंकपणे सांगा, की कुत्र्याचा डिस्टेंपर, पॅराइन्फ्लुएन्झा किंवा ठसक्याचा न्यूमोनिया माणसाला होत नाही. बॉर्डेटेला हा एक जिवाणू क्वचित माणसाला त्रास देऊ शकतो, आणि तोही मुख्यतः ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खूपच कमी झालेली आहे अशांना. सासूबाई दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतील तर त्यांनी राजाच्या खोलीत जाणे काही दिवस टाळावे आणि त्यांच्या डॉक्टरांना घरातल्या आजाराची कल्पना द्यावी. मुलाने राजाच्या तोंडाला तोंड लावू नये, एवढे सांभाळले की पुरे.

मात्र नेब्युलायझरची वाटावाटी आजच थांबवा. औषधाच्या कपात आणि मास्कमध्ये ओल राहते, त्या ओलीत जंतू वाढतात आणि मग ते सरळ फुप्फुसात ओढले जातात. राजासाठी स्वतंत्र यंत्र घेणे उत्तम. ते लगेच जमत नसेल तर निदान कप, मास्क आणि नळी पूर्ण वेगळी घ्या, त्यांवर खूण करा, आणि सासूबाईंचा जुना संच टाकून त्यांना नवा आणा.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. माणसाचा क्षयरोग कुत्र्याला होऊ शकतो. घरात किंवा कामाला येणाऱ्यांपैकी कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्यांची थुंकी तपासून घ्यावी. त्या माणसासाठी ती तपासणी आवश्यकच आहे, आणि राजाचा न्यूमोनिया औषधांना दाद देत नसेल तर त्याच्या डॉक्टरांनाही तो धागा हवा असतो.

आता शुश्रूषा. राजा झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असे मिनिटभर मोजा आणि कॅलेंडरच्या चौकोनात तो आकडा लिहा. शांत झोपेत तीसपर्यंत ठीक. आकडा रोज उतरत असेल तर औषध लागू पडते आहे. चाळिसाच्या वर जाऊ लागला, मान लांब करून कोपरे बाहेर फाकवून तो बसून राहिला, आडवा होईनासा झाला, श्वासाबरोबर पोट जोराने ओढू लागले, किंवा हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन निळसर-राखाडी झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला प्राणवायू द्यावा लागेल. एकाच कुशीवर पडून राहत असेल तर दर दोन तासांनी कूस बदला.

वाफ दिल्यानंतर लगेच छातीच्या दोन्ही बाजूंना थापट्या द्या. ओंजळीत पाणी घेताना होतो तसा हाताचा खोलगट आकार करून, मागून पुढे, पाच-दहा मिनिटे. आवाज पोकळ आला पाहिजे, चटका बसल्यासारखा नाही. मग खोलीतल्या खोलीत चार पावले चालवा, म्हणजे सुटलेला कफ वर येईल. वाफेसाठी सलाइन सोडून दुसरे काही घालायचे असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेलेच हवे. निलगिरी तेल, बाम यांनी श्वासमार्ग जळजळतो. खोकला दाबणारे सिरप देऊ नका, कारण कफ बाहेर टाकायला या वेळी तोच खोकला लागतो, आणि माणसांच्या काही सिरपांत असणारे झायलिटॉल कुत्र्याला विषारी आहे. तापासाठी घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉलची गोळीही नको. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

बोंडले आता फडताळात ठेवून द्या. धाप लागलेल्या कुत्र्याच्या तोंडात पातळ काहीही ओतायचे नाही. गोळी मऊ भाकरीच्या किंवा उकडलेल्या चिकनच्या घासात लपवून द्या. तो स्वतः खात नसेल तर डॉक्टरांना सांगा, सलाइन किंवा नळी हा निर्णय त्यांचा. ताप उतरून भूक लागली की घट्टसर खिचडीचे छोटे गोळे, थोडे थोडे, दिवसातून चार-पाचदा भरवा. पाणीही एकदम भांडेभर न ठेवता वाटीवाटीने द्या आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटे त्याला आडवे होऊ देऊ नका.

चार-पाच दिवसांत राजा शेपटी हलवू लागेल आणि औषध बंद करावेसे वाटेल, ते करू नका. ठरलेल्या मुदतीपर्यंत गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी दुसरा एक्स-रे काढा. ठसक्याच्या न्यूमोनियात फुप्फुसावरचा डाग कुत्रे हसू-खेळू लागल्यावरही काही दिवस दिसतो, त्याने घाबरून जाऊ नका. तो पूर्ण गेला की नाही हे दोन एक्स-रे शेजारी धरूनच कळते, म्हणून पहिला जपून ठेवा आणि जाताना श्वासांचे आकडे लिहिलेले कॅलेंडरचे पानही सोबत न्या.